बाहेरून लावलेलं कुलूप

वाशिंद म्हणजे काही दुबई नव्हे. सापगावहून निघालेला माणूस बाईकवरून पाऊण तासात वाशिंदला पोचतो, आणि मुरबाडपलीकडच्या धसईहून निघालेला, वाटेत चहाला थांबला नाही तर, दीड तासात. ओमकार दुबईला असता तर त्याच्या आईने, कमळाबाईंनी, वर्षातून एकदा विमानतळावर डोळे पुसले असते आणि विषय मिटला असता. तो वाशिंदला होता. आठवण यावी इतका लांब, आणि न सांगता दारात उभं राहता यावं इतका जवळ.

लग्न मे महिन्यात झालं. ओमकार पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कंपनीत, शिफ्ट दर आठवड्याला बदलणारी, सुट्टी गुरुवारी. निशिगंधा कल्याणला एका दवाखान्याच्या बिलाच्या खिडकीत, सकाळी सातला घराबाहेर, सुट्टी रविवारी. गावात ती त्याला ‘अहो’ म्हणे आणि वाशिंदच्या खोलीत ‘ओमकार’, पण हाक मारायला माणूस जागा सापडायला लागतो. पाच महिन्यांत ती त्याला ओळखू लागली होती ती खुणांवरून: ओट्यावर तशीच ठेवलेली ओली गाळणी, दाराच्या दिशेने काढलेल्या चपला. तो तिला ओळखायचा डब्याच्या झाकणावरच्या चिठ्ठ्यांवरून: ‘भात खाली आहे.’ ‘दूध तापव.’ ‘गॅसवाला येईल, झोपू नकोस.’

दोघांची सुट्टी एकत्र यायची ती फक्त सणाला. आणि सण त्यांचे नव्हते.

सणांचा हिशोब दोन घरांत चोख ठेवला जाई. धसईला कमळाबाई कॅलेंडरवर पेन्सिलीने टिंब करत. सापगावला निशिगंधाच्या आईला टिंबाची गरज नव्हती, तिला सगळं तोंडपाठ होतं. वटपौर्णिमा धसईला. नागपंचमी सापगावला. गणपती धसईला, पाच दिवस. घट पुन्हा धसईला. म्हणजे तीन विरुद्ध एक. दिवाळी तर पहिली, दिवाळसणाची, तेव्हा जावयाने सासुरवाडीलाच यायचं हे सापगावचं म्हणणं. घरची लक्ष्मी पहिल्या लक्ष्मीपूजनाला घराबाहेर कशी, हे धसईचं. दोन्ही घरं एकमेकांशी अतिशय गोड बोलत होती, यावरूनच प्रकरण किती चिघळलंय ते कळत होतं.

त्यात भात. आपल्याकडे दिवाळी आणि कापणी हातात हात घालून येतात. ‘सणाला या’ या आमंत्रणात विळा धरलेलाच असतो, तो फक्त उच्चारायचा नसतो. दिवाळसणाच्या जावयाला पाटावर बसवतात, ओवाळतात, करंज्या वाढतात, आणि मग सासरा आभाळाकडे बघून म्हणतो, “पाऊस येतोय वाटतं.” शहाणा जावई तेवढ्यावरून पँट बदलतो.

कंपनी या वर्षी मशिनच्या दुरुस्तीसाठी पहिल्या आंघोळीपासून भाऊबीजेपर्यंत चार दिवस बंद राहणार, अशी नोटीस लागली. निशिगंधाने रजा टाकली, ती मंजूर झाली. चार दिवस. नोटिशीचा फोटो ओमकारने तिला पाठवला तेव्हा ती बिलाच्या खिडकीत होती. तिने लिहिलं, “कुठेच जायचं नाही.” थोड्या वेळाने परत लिहिलं, “खरंच.”

युक्ती ओमकारची. त्याने धसईला फोन लावला: “आये, सापगाववाले ऐकतच नाय गो. दिवाळसण हाय म्हणतात. चार दिवस तिकडंच.” निशिगंधाने सापगावला लावला: “आई, पहिली दिवाळी सासरी झाली पाहिजे, असं चाललंय इकडे. दिवाळसण तुळशीच्या लग्नाला करू.” दोन्हीकडून “बरं” आलं. समोरच्या घराने मन मारायला लावलं की उद्या आपल्याला बोलायला जागा राहते, हे दोन्ही घरांना कळत होतं.

“आणि भाऊबीज?” निशिगंधाने विचारलं. तिचा भाऊ सुनिल भाऊबीजेला धसईला जाणार, हे उघड होतं.

“भाऊबीजेचं बघू,” ओमकार म्हणाला. त्याच्या सगळ्या योजनांत एक ‘बघू’ असतोच.

राहिला प्रश्न खोलीचा. दोन्ही गावांतली अर्धी माणसं वाशिंदवरून येतात-जातात. कोणी सहज वर डोकावलं तर? म्हणून खालच्या खोलीतल्या देवजीकाकांना कटात घेतलं. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळ खर्डीचे, बायको वारल्यापासून एकटे. त्यांना यातलं एवढं आवडलं की त्यांनी स्वतःचंच कुलूप दिलं, जाडजूड, पितळी. सकाळी बाहेरून लावायचं, संध्याकाळी अंधार पडल्यावर काढायचं.

“कोणी विचारलं तर सांगीन, गेली दोघं गावाला. खोटं पण नाय. दोन गावांना गेलीत म्हणून सांगितलंच हाय तुमी.”

संडास-बाथरूम आत होतं, म्हणून बरं. नाहीतर ही गोष्ट पहिल्याच सकाळी संपली असती.

पहिल्या आंघोळीच्या दिवशी निशिगंधाला सवयीने साडेचारला जाग आली. ओमकारची आधीची शिफ्ट रात्रपाळीची होती, त्याला सवयीने तेव्हाच झोप लागली. तिने उटणं भिजवलं, पाणी तापवलं आणि त्याच्या उशाशी बसून राहिली. तो अकराला उठला. तोवर उटणं वाळून वाटीला चिकटलं होतं.

“उठवायचं ना.”

“पाच महिने तुला झोपलेला बघतेय. आज वाटलं, आपणहून उठशील.”

दारात दिवा लावता येत नव्हता, कंदील टांगता येत नव्हता. टीव्ही बारीक आवाजात लावला, मग तोही बंद केला. तळणीचा वास बाहेर गेला तर, म्हणून करंज्या रद्द झाल्या. फोन बंद, कारण शेतात नेटवर्क नसतं असं दोघांनीही आपापल्या घरी सांगून ठेवलेलं. रोज संध्याकाळी सातला मात्र दोघांनी पाठोपाठ घरी फोन करायचा, दोन-दोन मिनिटं. तो त्याच्या आईला सापगावच्या कापणीचं सांगायचा, ती तिच्या आईला धसईच्या. दोघांनी न पाहिलेली कापणी इतकी बारकाईने सांगितली की फोन ठेवल्यावर दोघांनाही कंबर धरल्यासारखं वाटलं.

बोलायचं ते कुजबुजत. कुजबुजत माणूस प्रेमाचं बोलू शकतो, हे खरं. पण दिवसभर नाही. दुपारपर्यंत सगळं बोलणं ‘श्श’ वर येऊन ठेपलं. खाली रस्त्यावर बाईक थांबली की ओमकार खिडकीच्या पडद्याला चिकटायचा.

दुसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजनाच्या दुपारी, तो अकराव्यांदा उठला.

“अकरा,” निशिगंधा म्हणाली.

“काय अकरा?”

“सकाळपासून. तुझ्याबरोबर राहायचं म्हणून लपलो, आणि तू खिडकीबरोबर राहतोयस.”

“मग काय, येऊ देऊ कोणालाही?”

“गाळणी उचल.”

“काय?”

“ओट्यावरची गाळणी. पाच महिने मला वाटायचं घाईत राहते. आज डोळ्यांनी पाहिलं, तू बघून ठेवतोस तिथे.”

गाळणीवरून सुरू झालेलं बोलणं चपलांवर गेलं, चपलांवरून चिठ्ठ्यांवर. ‘झोपू नकोस’ ही कसली बायकोची चिठ्ठी, असं त्याने विचारलं. तशी ती बायकोचीच असते, असं तिने सांगितलं. सगळं कुजबुजत. भांडण कुजबुजत करून पाहा, अर्ध्यावर हसू तरी येतं नाहीतर दम लागतो. त्यांना दम लागला. मग तो भिंतीकडे तोंड करून पडला आणि ती रिकाम्या डब्यांचं कपाट लावत बसली. हवे होते ते चार दिवस हेच. त्यातला दीड गेला होता, आणि त्या दीडमध्ये दोघं धड एकदा हसलीसुद्धा नव्हती.

त्याच दुपारी देवजीकाकांना खर्डीहून फोन आला. भावाची म्हैस अडली होती. काका असेल तसे निघाले, असेल त्या शर्टाने. शर्टाच्या खिशात किल्ली.

अंधार पडला, तरी कुलूप निघेना. ओमकारने फोन चालू करून काकांना लावला. लागेना. सहापासून सातपर्यंत लागेना. चाळीतल्या बाकीच्या पाचही खोल्या गावाला गेलेल्या. म्हणजे आतापर्यंत दोघं लपलेली होती, आता कोंडलेली झाली. कुलूप तेच, दार तेच.

“कंपनीतल्या कोणाला तरी बोलव,” निशिगंधा म्हणाली.

“कुलूप तोडायला? अख्खी आळी गोळा होईल. सकाळी येतील काका.”

सात वाजले. दोघांनी आपापल्या घरी फोन केले. पाऊस येणार म्हणतात, जोरात चाललीय कापणी, असं सांगितलं, आणि फोन बंद करून टाकले.

हीच ती चूक. पाऊस येणार, हे सांगायला नको होतं.

धसईला ओमकारचे वडील गणू ओट्यावर बसून आभाळ बघत होते. दीड एकर भात उभं, तीन दिवसांवर पाऊस, आणि दिवाळीत कामाला येतंय कोण? तेव्हा त्यांनी सावडीचा हिशोब मांडला. सावड म्हणजे आज तुमची माणसं माझ्या शेतात, उद्या माझी तुमच्या. पैसा नाही, मोजायचं ते माणूस आणि दिवस. ओमकार आणि सून चार दिवस सापगावला राबतायत, म्हणजे दोन चोक आठ माणसं व्याह्यांकडे जमा. निम्मी तरी आत्ता परत मागायला काय हरकत? आठ वाजता त्यांनी भगीरथरावांना, म्हणजे निशिगंधाच्या वडिलांना, फोन लावला.

“व्याही, दिवाळी बरी ना?”

“बरी हाय. तुमची?”

“चाललंय. म्हटलं, आमची आठ माणसं हायेत तुमच्याकडं. पाडव्याला चार धाडा. दीड एकराचा प्रश्न हाय.”

“गणूभाऊ,” भगीरथराव सावकाश म्हणाले, “मीच तुमाला फोन करणार होतो. आमची आठ तुमच्याकडं हायेत ना? मला पन चारच पायजेत.”

“तुमची? आमच्याकडं? तुमचं कोन हाय आमच्याकडं?”

“पोरगी न् जावई.”

“जावई म्हंजे आमचा पोर. तो तर तुमच्याकडं.”

“आमच्याकडं?”

“दिवाळसणाला.”

“दिवाळसण तुळशीच्या लग्नाला ठरला ना?”

दोघंही व्यवहारी. पुढची पाच मिनिटं दोघं समोरचा सावड बुडवायला बघतोय, असंच समजून अतिशय नम्रपणे बोलत राहिले. गणूंनी तर “असूं दे, चार नाय तर तीन धाडा” असं म्हणूनही पाहिलं. मग दोघांच्या एकदमच लक्षात आलं की आठ माणसं बुडाली नाहीत. दोन हरवली आहेत.

“बाईकचं काय झालं नाय ना?” भगीरथराव म्हणाले. आता कोणी कोणाचं देणं लागत नव्हतं.

पोरांचे फोन बंद. दोन्ही घरांत त्या रात्री कोणी धड जेवलं नाही. कमळाबाईंनी कॅलेंडर उलटं करून ठेवलं, का ते त्यांनाच ठाऊक. शोधायला सुरुवात कुठून करायची, तर खोलीपासून, असं ठरून पाडव्याला पहाटे दोन बाईक दोन गावांहून निघाल्या.

आठच्या सुमाराला दोघं चाळीच्या वरच्या गॅलरीत एकमेकांसमोर उभे राहिले. दाराला पितळी कुलूप. गणूंनी ते हातात घेऊन पाहिलं, सोडलं, पुन्हा घेतलं.

“नायत हो हितं,” ते म्हणाले. आवाज त्यांचाच वाटत नव्हता. “आता पोलिसांत जावं लागंल.”

आणि आत कुकरची शिटी झाली.

भगीरथरावांनी कुलपाकडे पाहिलं. गणूंनी खिडकीकडे. दुसरी शिटी अर्ध्यातच कापली गेली, कोणीतरी घाईने गॅस बंद केला.

“निशे,” भगीरथराव म्हणाले, “भात लागंल खाली. करून घे पुरा.”

पडदा सरकला. गजांच्या आड निशिगंधा, तिच्या मागे बनियनवर ओमकार. बाहेरच्या दोघांच्या चेहऱ्यावर आधी जे आलं ते आतल्या दोघांनी पाहिलं, आणि त्यांना पहिल्यांदा लाज वाटली. मग ते गेलं आणि त्या जागी नेहमीचे बाप आले.

“कोनी कोंडलं तुमाला?” गणूंनी विचारलं.

“आमीच,” ओमकार म्हणाला.

“बाहेरनं?”

सगळं सांगावं लागलं. सांगताना ते फार बालिश वाटू लागलं. सुट्ट्या, शिफ्ट, चार दिवस. गणू ऐकता ऐकता उलट्या बादलीवर बसले. भगीरथराव पायरीवर. पाण्याचा तांब्यासुद्धा गजातून बाहेर येईना, म्हणून निशिगंधाने एकेक पेला दिला.

“लाज नाय वाटली?” गणू पाणी पिऊन म्हणाले. “तुझ्या आयशीनं रातभर डोळ्याला डोळा नाय लावला. आनि शेतात भात उभा.”

“आमच्याकडं पन तेच,” भगीरथराव म्हणाले. आपल्याकडचं कमी भरू नये याची ते काळजी घेत. “दोन दिवस गेले. आता राह्यले आज न् उद्या. पाऊस परवा.”

मग दोघं व्याही गॅलरीतच, आतल्या दोघांकडे पाठ करून, वाटाघाटीला बसले. रात्रीची भीती गेली होती आणि तिच्या जागी कामाची घाई आली होती. दोघांचं नुकसान सारखं, तेव्हा भरपाई सारखी. बोलणं पाच मिनिटांत संपलं.

“ठरलं,” भगीरथराव वळून म्हणाले. “जावईबापू आमच्याकडं, तू धसईला. आजचा न् उद्याचा दिवस. दोघांकडं दोन-दोन माणसं. फिटंफाट.”

गणूंनी मान हलवली. इतका सुबक तोडगा त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. त्यासाठी ज्या दोघांना एकत्र राहायचं होतं त्यांना पस्तीस-चाळीस किलोमीटर लांब पाठवावं लागत होतं, एवढीच काय ती त्यात खोट. ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. उठून ते कुलूप फोडायला दगड बघू लागले. जिन्याच्या कोपऱ्यात एक बरा दगड होता.

“नाय,” निशिगंधा म्हणाली.

कल्याणच्या खिडकीत बसल्यापासून ती ‘नाही’ म्हणायला शिकली होती. हे ‘नाय’ सापगावचं होतं.

“नाय म्हंजे?”

“दगड ठेवा, मामा. आधी ठरूं दे.”

सासऱ्यांना दगड ठेवायला सांगणारी सून गणूंनी ऐकली नव्हती. त्यांनी ठेवला नाही, पण खाली घेतला.

“सावड दोन घरांत चालते ना?” ती म्हणाली. “मग तीन घरांत पन चालंल. धसई एक, सापगाव दोन, हे तीन.”

“हे?” भगीरथरावांनी दहा बाय बाराच्या खोलीकडे गजातून पाहिलं. “तुमचं शेत कुठं हाय गो?”

“शेत नाय. दिवस हायेत. ते पन तुमच्या भातासारखेच. येळेवर नाय मिळाले तर जातात.” ती घाईने बोलत होती, मध्ये थांबली तर पुढचं बोलता येणार नाही अशी. “आज आमी दोघं धसईला येतो. उद्या दोघं सापगावला. दोघं एकत्र, एका ओळीत. म्हंजे धसईकडं आमची दोन माणसं जमा, सापगावकडं दोन. ती फेडायची.”

“कशानं फेडायची? भांडी घासायला येऊ हितं?”

“न येऊन. न बोलवून. फोन न करून. चार माणसं म्हंजे चार दिवस. आमी सांगू तवा.”

गणूंनी व्याह्यांकडे पाहिलं. “न येनं ह्याला काम म्हनतात?”

मागे उभा असलेला ओमकार पुढे आला. “आयेला विचारा,” तो म्हणाला. “चार दिवस फोन नाय करायचा, बोलवायचं नाय. तिला काय जड जाईल ते. कापणी परवडली म्हणंल.”

ते खरं होतं. आणि सावड कबूल करून मागे सरलेलं घर पुढच्या हंगामाला एकटंच शेतात उभं असतं, हेही दोघांना माहीत होतं. भगीरथरावांनी आपल्या मुलीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. भाताचे व्यापारी असं बोलतात, आणि त्यांना ते आवडत नसत. इथे मात्र त्यांना थोडं आवडलं.

“दोन,” ते म्हणाले.

“चार.”

“तीन. आनि सणाचे नाय.”

“चार. त्यातला एक सणाचा. संक्रांत.”

“पहिली संक्रांत हाय,” गणू कळवळून म्हणाले. “हलव्याचे दागिने घालायचेत तुला. तिनं मागवून ठेवलेत. तिला मी काय सांगू?”

निशिगंधा थांबली. कमळाबाईंनी दागिने मागवलेत हे तिला ठाऊक नव्हतं. तिने ओमकारकडे पाहिलं. खिडकीचा गज धरलेला तिचा हात त्याने धरला. त्याने दोन दिवसांत प्रथमच खिडकीबाहेर बघणं सोडलं होतं.

“संक्रांत घ्या,” ती म्हणाली. “मग पाच दिवस. साधे.”

“चारवरनं पाच?”

“सण सोडला ना मी.”

भगीरथराव हसले, मग हसू आवरलं. गणूंनी आभाळाकडे पाहिलं. पूर्वेला, माहुलीच्या डोंगराच्या बाजूला, ढग यायला लागले होते. इथे जितका वेळ जाईल तितकं भात तिकडे वाट बघतंय.

“पाच,” गणू म्हणाले. “पन म्हसा गावच्या जत्रेला यायचं. ते ह्यात नाय.”

“ते ह्यात नाय,” ओमकारने कबूल केलं.

मग दगड. पहिले दोन घाव कुलपावर कमी आणि दारावर जास्त बसले. भगीरथरावांनी कोन सांगितला. तिसऱ्याला कडी वाकली, पाचव्याला कुलूप सुटून गॅलरीतून खाली गेलं. दार उघडलं.

आणि दोघं बाप उंबऱ्यावरच थांबले. एरवी गणू या खोलीत शिरायचे ते चपला काढता काढता आणि पंखा लावत. आज दगड हातात, आणि काय करावं ते कळेना.

“येऊ का आत?” त्यांनी विचारलं. असं त्यांनी स्वतःच्या पोराच्या घरात आजवर विचारलं नव्हतं. विचारल्यावर त्यांनाच ते ऐकून चमत्कारिक वाटलं.

निशिगंधाने विचार केला. खरंच केला, दिसेल असा.

“या,” ती म्हणाली. “अर्धा तास. चहा टाकते. मग निघू.”

चहा झाला. लागलेला भात चौघांनी लोणच्याबरोबर खाल्ला. निशिगंधाने पाडव्याचं म्हणून ओमकारला घाईत ओवाळलं. ताटात टाकायला त्याच्याकडे काही नव्हतं, त्याने खिसे चाचपले, आणि गणूंनी दिलेली नोट तिने परत त्यांच्या हातात ठेवली. “ह्यांनीच द्यायचं असतं. राहू दे बाकी.” दोघं व्याही गादीच्या कडेवर बसले होते, नव्या पाहुण्यांसारखे, गुडघ्यांवर हात. नजर सारखी दारातून आभाळाकडे. बोलणं भाताचंच. शेवटी भगीरथरावांना राहवेना. त्यांना पाडव्याचा आजचा दिवसही आपल्या शेतात गाठायचा होता.

“मी निघतो बाबा. उद्या सातला या. सुनिलला सांगतो, भाऊबीज उद्या घरीच हाय म्हणून.”

“मी पन गाडी काढतो,” गणू उठले. “या मागनं. लवकर.”

दोघांची पावलं जिन्यावरून उतरली. ओमकार पूर्ण बाह्यांचा शर्ट शोधायला लागला. भाताचं पातं लागतं हातांना, जुना निळा होता कुठेतरी.

“बस,” निशिगंधा म्हणाली.

“बाबा खाली गाडी घेऊन उभे हायेत.”

“अर्धा तास सांगितला होता. अठरा मिनिटांत गेले ते.” तिने त्याच्या मनगटावरचं घड्याळ आपल्याकडे वळवून पाहिलं. “बारा राहिली.”

तो बसला. उंबऱ्यात जागा तशी एकाचीच होती, दोघं दाटीने बसली. दार पाठीमागे सताड उघडं, समोर गॅलरी, गॅलरीपलीकडे कोणाच्या तरी गच्चीवरची ओली चादर. पाच महिन्यांत सकाळी नऊला दोघं एकाच वेळी जागी आणि एकाच जागी बसलेली नव्हती. ओमकारने विचारलं, पाच दिवसांचं काय करायचं. ती म्हणाली, माहीत नाही. मग म्हणाली, कुजबुजायचं नाही, एवढं नक्की.

खाली गणूंनी हॉर्न वाजवला. ओमकार उठायला गेला.

“वाजू दे,” निशिगंधा म्हणाली. “अजून सात आहेत.”